काट्याची पावती आणि टायरवरचा आकडा

गळीत हंगाम ऐन भरात आला, की कारखान्याच्या गाडीतळावर रात्री-अपरात्रीही जत्रा भरल्यासारखी असते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या नंबरात उभ्या. कुणी शेकोटीला बसलेले, कुणी ट्रॉलीखाली गोणपाट टाकून पाठ टेकलेले. अशाच एका रात्री आम्ही तळावर हिंडत असताना निरोप आला, की कॅनॉलच्या उतारावर एक ट्रॉली कलंडली आहे.

आम्ही जाऊन पाहिले. मागच्या ट्रॉलीचा एक टायर फुटला होता. ट्रॉली एका अंगावर गेली आणि निम्मा ऊस रस्त्यावर पसरला. चालक सुखरूप होता. पण पाठीमागून मोटारसायकलवर येणाऱ्या एका सभासदाच्या मुलाला अंधारात उसाचा ढीग दिसला नाही. त्याच्या पायाचे हाड मोडले. आज तो हिंडतो-फिरतो, पण काठी घेऊन.

ट्रॅक्टरचे मालक आमच्या चांगल्या ओळखीचे. वयाने वडील, म्हणून सारे त्यांना तात्याच म्हणतात. फुटलेल्या टायरपाशी ते डोक्याला हात लावून बसले होते.

आम्ही विचारले, "तात्या, टायर कधीचा होता?"

"गेल्या दसऱ्याला घेतला की, साहेब. दुकानदार म्हणाला, नव्यासारखाच आहे. नक्षी बघा की अजून किती शाबूत आहे!"

नक्षी खरोखरच शाबूत होती. पण टायरच्या बगलेवर बारीक भेगा होत्या आणि आतून दोन ठिकाणी गेटर घातलेले होते. तात्यांच्या खिशात आधीच्या खेपेची काट्याची पावती होती. ती आम्ही मागून घेतली, बॅटरीच्या उजेडात टायरवरचा आकडा वाचला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. टायर का फुटला, हे तिथल्या तिथे कळले. पावती आणि टायर या दोन्ही गोष्टी प्रत्येक वाहतूकदार सभासदाच्या हाताशी असतात. फक्त त्या एकत्र कुणी वाचत नाही. तेवढ्यासाठीच आजचा हा लेख.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, त्यांनीही हे पान उलटू नये. तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर आपल्याच उसाच्या बिलातून जातो. वाटेत ट्रॉली बसली, की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. आणि रस्ता तर आपल्या सगळ्यांच्याच मुलाबाळांचा आहे.

टायरच्या अंगावर काय लिहिलेले असते

टायर घेताना आपण काय पाहतो? कंपनी, किंमत आणि नक्षी. पण खरी माहिती बगलेवर असते.

पहिला आकडा मापाचा. ट्रॉलीच्या टायरवर ९.००-१६ असे लिहिलेले असले, तर टायरची रुंदी सुमारे ९ इंच आणि तो १६ इंचांच्या डिस्कवर बसतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असते, म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि डिस्क २८ इंचांची.

दुसरा आकडा प्लायचा. १४ पी.आर., १६ पी.आर. असे लिहिलेले असते. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे तितके थर असत. आता नायलॉनचे मजबूत धागे वापरतात, त्यामुळे थर प्रत्यक्षात कमी असतात. तो आकडा फक्त ताकदीचे माप म्हणून राहिला आहे. माप तेच असले तरी प्लाय वेगळी असू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुकानात "मापाचा द्या" म्हटले की मापाचा मिळतो. ओझ्याचा मिळेलच असे नाही.

तिसरा आकडा सर्वांत कामाचा, पण सर्वांत दुर्लक्षित. तो भाराचा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे किलो नव्हेत. प्रत्येक क्रमांकाला ठरलेले वजन असते. १३० म्हणजे १,९०० किलो, १४० म्हणजे २,५०० किलो, १४६ म्हणजे ३,००० किलो आणि १५० म्हणजे ३,३५० किलो. त्याच्या शेजारी वेगाचे इंग्रजी अक्षर असते. 'ए ६' असेल तर ताशी ३० किलोमीटर, 'ए ८' असेल तर ४०. तेवढ्या वेगापर्यंत तो टायर तेवढा भार सोसेल, असा त्याचा अर्थ. हे वजन एका टायरचे आहे, सगळ्या ट्रॉलीचे नव्हे.

चौथा आकडा जन्मतारखेचा. लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल, तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. तात्यांचा टायर दसऱ्याला घेतलेला, पण जन्माने नऊ वर्षांचा निघाला. रबर वापरले नाही तरी उन्हाने आणि काळाने कडक होते, त्याला भेगा पडतात. बैल घेताना आपण दात पाहतो. टायर घेताना ही चौकट पाहावी.

पावतीचा आणि टायरचा मेळ

आता हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या पावतीवरचे घालून घ्यावेत.

ट्रॅक्टर आणि दोन चारचाकी ट्रॉल्या मिळून भरलेले वजन २५.५ टन भरले. रिकामे वजन ६.५ टन, म्हणजे निव्वळ ऊस १९ टन. भरलेल्या वजनातून ट्रॅक्टरचे अडीच टन वजा करा. राहिले २३ टन. हे ओझे दोन ट्रॉल्यांच्या आठ चाकांवर आहे. २३ टनांना आठाने भागले, की एका चाकावर २,८७५ किलो येतात.

टायरवर १४० हा क्रमांक असेल, तर त्याची ताकद २,५०० किलो. म्हणजे प्रत्येक चाकावर ३७५ किलो जादा आणि आठ चाकांवर मिळून बरोबर ३ टन जादा. हेसुद्धा ऊस सारखा भरलेला असेल तर. मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या, किंवा रस्ता एका अंगाला कलता असला, तर खालच्या अंगाच्या चाकावर याहूनही जास्त ओझे जाते. तात्यांची ट्रॉली कॅनॉलच्या उतारावर अशीच कलती होती, आणि फुटला तो नेमका खालच्या अंगाचा टायर.

तात्या म्हणाले, "पण साहेब, आजवर शंभर खेपा याच टायरवर केल्या की!"

खरे आहे. टायर पहिल्या खेपेला फुटत नाही. जादा भाराने तो जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापला की आतले थर हळूहळू सुटू लागतात. शंभर खेपांत तो आतून मोडत असतो. एकशे एकावी खेप फक्त ते उघड करते.

इथे एक खुलासा करतो. टायरची ताकद जास्त आहे म्हणून ट्रॉलीच्या आर.सी. बुकात लिहिल्यापेक्षा जास्त भरावे, असा याचा अर्थ नाही. बुकातला भार ही कायद्याची मर्यादा. टायरची मर्यादा त्याहून कमी निघाली, तर टायर बदलावा किंवा मोळ्या कमी कराव्यात. ट्रॉलीच्या बाजूंना अँगल जोडून उंची वाढवणे हा मार्ग नव्हे. उंच भरलेली ट्रॉली वळणावर लवकर कलंडते.

नवा की रिमोल्ड?

नव्या टायरांच्या किमती पाहता रिमोल्ड घेऊच नका, असे म्हणणे सोपे, पाळणे अवघड. चांगल्या सांगाड्यावर चांगल्या कारखान्यात चढवलेले रबर ट्रॉलीला चालते. पण रिमोल्ड करताना फक्त वरचे रबर नवे होते, आतला सांगाडा जुनाच राहतो. म्हणून बगलेला भेगा, फुगवटा, उघडे पडलेले धागे किंवा आत गेटर असेल, तर तो टायर स्वस्तातही घेऊ नये. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना मात्र रिमोल्ड नकोच. सुकाणू त्यांच्यावर आहे.

एकाच आखावर दोन्ही बाजूंना सारखे माप, सारखी प्लाय आणि शक्यतो सारखी झीज असलेले टायर असावेत. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला साधा, असे करू नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की असा टायर रस्त्यावर वापरणे नियमाच्या विरुद्ध आहे. पण तिथवर वाट पाहू नये. आपल्याकडे कॅनॉलचे पाणी रस्त्यावर येते, चिखल असतो. गुळगुळीत टायर तिथे ब्रेक मारल्यावरही घसरत जातो.

हवा: सर्वांत स्वस्त दुरुस्ती

टायरवर हजारो रुपये घालणारे सभासद हवा मोजण्याचे मीटर मात्र घेत नाहीत. चाकाला लाथ मारून किंवा टिकावाच्या दांड्याने ठोकून "भरपूर आहे" म्हणतात. दांडा फार तर पंक्चर सांगेल. दहा पौंड कमी आहे हे सांगणार नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. धावल्यावर टायर तापतो आणि आतला दाब वाढतो. तेव्हा हवा जास्त झाली असे समजून काही जण ती सोडतात. तसे करू नये. टायर थंड झाला, की हवा कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी तापतो. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरला साठ-सत्तर पौंडांच्या वर हवा लागते. नेमका आकडा टायरच्या बगलेवर किंवा कंपनीच्या तक्त्यात पाहावा.

एक धोका आवर्जून सांगतो. वीस इंची डिस्कच्या जुन्या चाकांना बाहेरून लोखंडी रिंग बसवलेली असते. ती नीट बसली नसताना हवा भरली, तर रिंग तोफेच्या गोळ्यासारखी उडते. अशी हवा भरताना समोर उभे राहू नये, चाकाला साखळी गुंडाळावी आणि लांब नळीने हवा भरावी. पोराला "जरा धर रे" म्हणून चाकासमोर बसवू नये.

ट्रॅक्टरच्या चाकांचे वेगळे गणित

ट्रॅक्टरचे मागचे टायर मोठे आणि मऊ असतात. शेतात त्यांना साधारण १२ ते १५ पौंड हवा पुरते, तर ओढकामाला १८ ते २० च्या घरात लागते. आपल्या ट्रॅक्टरच्या चालकपुस्तिकेत दोन्ही आकडे दिलेले असतात. नांगरटीच्या हवेवर ऊस ओढला तर टायर बगलेतून चिरतो. ओढकामाच्या हवेवर नांगरट केली तर चाक फिरते आणि डिझेल जळते.

चाक किती फिरते, हे घरच्या घरी मोजता येते. टायरवर खडूने खूण करावी. मोकळ्या ट्रॅक्टरचे चाक दहा वेळा फिरेपर्यंतचे अंतर शेतात आखून घ्यावे. मग तेच अंतर नांगर लावून चालावे. साडेअकरा फेरे भरले, तर ठीक. बारा-तेरा भरले, तर वजन कमी पडते आहे किंवा टायर झिजला आहे, असे समजावे. मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवता येते. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पाऊण भाग पाणी भरावे, उरलेल्या जागेत हवा. पाऊण भागापेक्षा जास्त पाणी भरले तर टायरची लवचीकता जाते.

बसवताना नक्षीची दिशाही पाहावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले, तर तिरप्या कंगोऱ्यांचे टोक वरच्या अंगाला असले पाहिजे. उलटे बसले, तर चिखल बाहेर पडण्याऐवजी नक्षीतच साठतो.

चारही चाकांना जोर असलेले ट्रॅक्टर आता गावोगाव दिसतात. त्यांच्या पुढच्या-मागच्या टायरांची मापे गिअरशी जुळवलेली असतात. मनाला येईल ते माप बसवले, तर पुढची चाके मागच्यांशी झगडत राहतात आणि गिअर खातात. डांबरी रस्त्यावर पुढचा जोर बंद ठेवावा.

खोडव्याच्या डोक्यावर ट्रॉली नको

टायर जमिनीवर जेवढ्या हवेने फुगलेला, साधारण तेवढाच दाब तो मातीवर देतो. ट्रॅक्टरचा टायर १४ पौंडांवर आणि ट्रॉलीचा ७० पौंडांवर. म्हणजे ट्रॉलीचे चाक मातीला पाचपट दाबते. त्यात एका आखावरचे ओझे पाच-सहा टनांच्या पुढे गेले, की हा दाब नांगराच्या तासाखाली पोहोचतो. तिथे बसलेली माती नांगरटीने सुटत नाही. पुढे पाणी साचते, मुळी खाली जात नाही आणि खोडवा पिवळा पडतो. मग आपण युरियाच्या गोण्या ओततो आणि वाण बिघडला म्हणतो.

म्हणून शेवटचे पाणी आणि तोड यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे. ट्रॉली शक्यतो बांधावर किंवा शेतरस्त्यावरच उभी करावी. आत न्यावीच लागली, तर दर खेपेला त्याच चाकोरीतून न्यावी. सगळे शेत थोडे थोडे तुडवण्यापेक्षा एक पट्टा तुडवलेला परवडतो, कारण पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच माती सर्वांत जास्त दबते.

पैसा आधी कुठे घालावा?

दसऱ्याला ट्रॅक्टर सजवायची हौस आम्हालाही समजते. पण मोठे स्पीकर, रंगीत दिवे आणि चार सुरांचा हॉर्न घेतलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे एक लाल पट्टीही नसावी, हे पाहून वाईट वाटते. स्पीकरच्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि सुटलेल्या टायरचा फडफडाटही नाही. आमच्या मते खर्चाचा क्रम असा असावा.

पहिला मान ब्रेकला. दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर वीस टनांच्या वर ओझे ओढतो आणि थांबवतो मात्र फक्त स्वतःच्या मागच्या दोन चाकांनी! ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवून घ्यावेत. रस्त्यावर निघताना डावे-उजवे पॅडल पट्टीने एकत्र जोडावे. एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. वेग २० वरून ३० झाला, की थांबवायचा जोर सव्वादोन पट होतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा.

दुसरा मान हूक आणि पिनेचा. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. पिनेला चाप असावा आणि शिवाय जोडसाखळी असावी. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी; वर जोडली, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. तोंड हलके वाटत असेल, तर पुढे वजने बसवावीत. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा. नाही तर सुकाणू फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही.

तिसरा मान दिसण्याला. चमकणाऱ्या पट्ट्या मागे लाल, बाजूंना पिवळ्या आणि पुढे पांढऱ्या. उसाच्या वाढ्यांनी त्या झाकल्या जाणार नाहीत अशा जागी लावाव्यात आणि दर खेपेला फडक्याने पुसाव्यात. मागच्या ट्रॉलीला दिवा हवाच. ट्रॉली बंद पडली, तर मागे लांब अंतरावर खूण ठेवावी. दगड ठेवले असतील, तर निघताना ते उचलून न्यावेत. तसेच सोडलेले दगड हा दुसरा अपघातच असतो.

चौथे म्हणजे जॅक, हवेचे मीटर, चाकाखाली लावायच्या दोन लाकडी उटी आणि चांगला जादा टायर. एवढे झाल्यावर पैसे उरले, तर खुशाल गाणी लावावीत. पण घरी, अंगणात.

टायरगाडीवाल्यांसाठी दोन शब्द

लाकडी चाकाची लोखंडी धाव रस्ता कापत असे, आणि टनभर ओझ्याला बैलांच्या तोंडाला फेस येई. रबरी टायर आले आणि तीच जोडी दीड-दोन टन ओढू लागली. पुष्कळ गावांत त्या गाडीला कंपनीच्या नावावरून 'डनलॉप'च म्हणत. आजही बीडकडची आणि आसपासची कोयत्याची कुटुंबे टायरगाड्या घेऊन आपल्या फडात येतात. त्या टायरांत हवा कमी असली, तर भार बैलाच्या खांद्यावर पडतो. बैल बोलत नाही, पण खांदा सुजतो. आपल्या फडात गाडी आली, की सभासदांनी आपला पंप त्यांना द्यावा. गाडीच्या मागेही लाल पट्टी लावावी. ती बाईमाणसे, ती लेकरे रात्री त्याच गाडीवर बसून येतात.

हंगाम संपल्यावर

गळीत संपले, की ट्रॉली उन्हात, भरल्या टायरांवर तशीच उभी राहते. तसे करू नये. ट्रॉली धुवावी, आखाखाली ओंडके देऊन चाके उचलावीत, हवा थोडी ठेवावी आणि टायरांवर गोणपाट टाकावे. तेल-ग्रीस रबराला लागू देऊ नये. दिवाळीच्या आत नटा-बोल्टांपासून टायरांपर्यंत सगळे एकदा तपासून घ्यावे; पहिली तोड आल्यावर सवड मिळत नाही.

तात्यांनी या हंगामाआधी आठही टायर काढून पाहिले. तीन बाद केले, ट्रॉलीला ब्रेक बसवले, मागे पट्ट्या लावल्या. खेपेला तीन टन कमी आणतात. आम्ही विचारले, "तात्या, परवडतं का?"

ते म्हणाले, "खेपा चार जास्त होत्यात, साहेब. पण टायर फुटला नाही, ट्रॉली बसली नाही. आन् त्या पोराच्या दारावरनं जाताना मान खाली घालाय लागत नाही."

सभासद बंधू-भगिनींनो, पुढची पावती हातात पडली, की ती खिशात घालण्याआधी एवढेच करा. भरलेल्या वजनातून ट्रॅक्टर वजा करा, चाकांनी भागा आणि खाली वाकून टायरवरचा आकडा वाचा. दोन्ही जुळले, तर गाडी निर्धास्त हाका. जुळले नाहीत, तर पुढच्या खेपेला मोळ्या कमी भरा. ऊस दुसऱ्या दिवशीही आणता येतो.